शुक्रवारच्या आत एकदा तरी जिंकायचं होतं

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय झालं? साधा खेळच तर आहे!" साधा? अहो, चव्वेचाळीस पानांचं नियमांचं पुस्तक, एकशे बारा तुकडे, त्यातले सतरा कशाचे आहेत ते आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही, एक राक्षस, त्याला तीन डोकी, प्रत्येक डोक्याचा राग वेगळा मोजायचा... आणि समोर पावणेसहा वर्षांची मुलगी, ती मला विचारते, "बाबा, याला आई आहे का?" आता राक्षसाला आई आहे का, हे पुस्तकात कुठे दिलंय? मी शोधलं हो! तुम्हाला खोटं वाटेल, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पानं चाळली, पुढून आणि मागून. नव्हतं दिलेलं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल साधा खेळच तर आहे.

मी कवळ्या बनवतो. हो, दातांच्याच. दातांचे डॉक्टर वेगळे, ते पुढच्या खोलीत, गार हवेत, लोकांना 'आ करा' म्हणतात आणि नाव कमावतात. मी मागच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांमध्ये बसतो. मेण, साचा, हिरडीचा गुलाबी रंग, दाताची पिवळट छटा, सगळं माझ्या हातचं. लोकांना चारचौघांत हसता यावं म्हणून दिवसभर घासत बसणारा माणूस मी, आणि चारचौघांत माझंच हसं होऊ नये याची काळजी कोणाला, तर माझ्या मुलीला! त्याचीच ही सगळी भानगड आहे.

झालं काय, मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी मोठ्या हौसेने सापशिडी आणली. पहिलाच डाव. अठ्ठ्याण्णव नंबरच्या घरात तिला साप चावला, आणि तिने असा टाहो फोडला, असा टाहो फोडला, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर चपला न घालता खाली आले. "काय झालं? पडली का? भाजलं का?" म्हटलं, नाही हो सर, खेळात हरली. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले... "तुम्ही एवढे मोठे, आणि चार वर्षांच्या पोरीला हरवलंत?" शरमेने मान खाली गेली माझी. त्या दिवशी ठरवलं, आपण यापुढे हरायचं. बाप आहोत, एवढं करू शकत नाही?

नाही करू शकत! तुम्हीच सांगा, सापशिडीत मुद्दाम हरायचं कसं? बुद्धिबळात सोपं आहे, वजीर समोर ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघायचं. सापशिडीत तुमच्या हातात आहे काय? फासा! आणि मला हरायचं म्हटलं की नेमक्या शिड्या! आयुष्यात कधी वर चढलो नाही मी, पगारात नाही, हुद्द्यात नाही, पण तिथे सरसर, सरसर! समोर पोरीचा ओठ थरथरतोय, आणि मी देवाची करुणा भाकतोय, साप दे रे, एक तरी साप दे.

मग मला माझी कला आठवली. जेवणाच्या सुट्टीत बसलो, कवळीचंच गुलाबी मिश्रण घेतलं आणि फासा केला. अगदी चोख. कडा गोल, ठिपके बारीक सुईने कोरलेले. आणि सहाच्या बाजूला आतमध्ये धातूचा एक तुकडा दडवला. सहाची बाजू जड, म्हणजे ती खाली बसणार, म्हणजे वर काय? एक! दहातल्या नऊ वेळा एक! घरी येऊन म्हटलं, "हा बाबाचा फासा, पांढरा तुझा." आणि तुम्हाला सांगतो, तिथून पुढे पावणेदोन वर्षं मी जो हरलोय... काय हरलोय! सूर्य उगवायचा राहील, मी हरायचा राहिलो नाही. हरलो की कपाळावर हात मारायचो, जमिनीवर लोळायचो, "संपलो मी, संपलो!" पोरगी टाळ्या पिटायची. घरात आनंदीआनंद.

पहिलं वर्षभर हं. मग टाळ्या कमी झाल्या. मग थांबल्या. आणि एक दिवस मी कपाळावर हात मारून लोळत असताना ती जवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे बाबा. तुझं असंच असतं."

असंच असतं! मी हसून सोडून दिलं. पण मग ते सगळीकडे सुरू झालं. बस चुकली, "असू दे बाबा, तुझं असंच असतं." दुकानात आमची रांग पुढे सरकेना, "असू दे बाबा, तुझं असंच असतं." तिला बरणीचं झाकण उघडून हवं असलं की बरणी माझ्या नाकासमोरून आईकडे जायची. मी म्हटलं, अगं मी उघडतो ना! तर म्हणते, "नको बाबा. उघडली नाही तर तुला वाईट वाटेल." बायको तिकडे तोंडाला पदर... पदर कुठला, तोंडाला नॅपकिन लावून हसतेय! तिला काय, ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांना सुया टोचते, घरी आली की मला.

आणि मग गेल्या सोमवारी शाळेतून चिठ्ठी आली. 'साहस-शनिवार'. येत्या शनिवारी प्रत्येक मुलाने घरातलं एक मोठं माणूस घेऊन यायचं आणि शाळेच्या हॉलमध्ये साहसाचे बैठे खेळ खेळायचे. गुहा, राक्षस, खजिना वगैरे. खाली छापलेलं, 'सोबत येणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव'. आणि त्यावर बाईंनी पेनने आधीच लिहिलेलं, मुलीला विचारून... 'मामा'.

मामा! म्हणजे माझा मेहुणा! मोटारींच्या शोरूममध्ये गाड्या विकतो, त्याचा आवाजच असा की घरात शिरला की भांडी वाजतात. त्याला घेऊन जाणार? मी जिवंत असताना? मी संध्याकाळी पोहे खाता खाता अगदी सहज विचारलं, "का गं, बाबा का नको?" तिने घास चावून संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तिथे सगळे असणार ना. तू हरलास की सगळे हसतील. मग तुला रडू आलं तर? मामाला नाही वाटत वाईट. तू घरी बस."

हसू नका हो! पोरगी मला टाळत नव्हती, पोरगी मला सांभाळत होती! मी तिला रडू येऊ नये म्हणून दोन वर्षं हरलो, आणि आता तीच मला रडू येऊ नये म्हणून घरी बसवतेय!

बाईंना फोन लावला. बाई फार गोड. सगळ्या मुलांशी बोलतात त्याच आवाजात माझ्याशी बोलल्या. "हो ऽऽ का? बदलता येईल की नाव! शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत हं. पण मुलीने स्वतः येऊन सांगायचं, असा आपला नियम आहे. ठीक आहे ना? शाब्बास!" मी पण 'हो बाई' म्हणून फोन ठेवला.

म्हणजे सोमवार ते शुक्रवार. एवढ्या दिवसांत एकदा, फक्त एकदा, साहसाच्या खेळात तिच्या डोळ्यांदेखत मला जिंकायचं होतं.

गेलो दुकानात. पूर्वी खेळ घ्यायचा म्हणजे काय, एका बाजूला सापशिडी, दुसऱ्या बाजूला ल्यूडो, घडी घातली की झालं. आता? छतापर्यंत पेट्या! प्रत्येकीवर कोणीतरी तलवार घेऊन ओरडतंय. दुकानात एक मुलगी होती, चष्मेवाली, गळ्यात ओळखपत्र, ती आली आणि डॉक्टरांसारखं विचारायला लागली. "वय काय?" म्हटलं बेचाळीस. "तुमचं नाही, मुलीचं." म्हटलं पावणेसहा. "लक्ष किती वेळ टिकतं?" माझं की तिचं? "तिचं. वाचता येतं? भीती किती चालेल?" आता भीती किती चालेल, हे काय मापात सांगायचं का? अर्धा चमचा? म्हटलं, मुलीचं ठीक आहे, मला फार चालत नाही. ती म्हणाली, "मग हा घ्या, याच्यात मोर पण आहे." मी म्हटलं, छे, मोर नको, मला राक्षस पाहिजे. मोठा पाहिजे. माझी इभ्रतच तशी पणाला लागली होती ना! तिने सांगितलं हो, "सर, हा दहा वर्षांच्या पुढच्यांचा आहे." म्हटलं, असू दे, आमची मुलगी बोलायला चौदा वर्षांची आहे.

तर तो हा, तीन डोक्यांचा. पेटी एवढी मोठी की रिक्षात ती बसली आणि मी तिला धरून लटकलो. त्याच रात्री सगळं मांडलं. जेवणाचं टेबल पुरेना, दोन खुर्च्या जोडल्या. मी नियम वाचतोय, अगदी औषधाच्या चिठ्ठीसारखा, 'मशाल पेटवल्यावर दोन पावलं, जखम असल्यास एक, राक्षस जवळ असल्यास पाऊल टाकण्यापूर्वी'... आणि पोरगी विचारतेय राक्षसाला आई आहे का. शेवटी वैतागून म्हटलं, आहे! आई आहे, गावाला गेलीय, चल आता! गुहेच्या पहिल्या खोलीत शिरलो. त्या खोलीच्या चित्रात एक पलंग होता. झालं! "बाबा, इथेच राहू या ना. इथे पलंग आहे." अगं, साहस आहे हे! पुढे जायचं असतं! "का?" पुढे राक्षस आहे! "मग कशाला जायचं?"

आता बोला. आहे उत्तर तुमच्याकडे? बेचाळीस वर्षांत मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. तिने त्या खोलीत सोंगट्या झोपवल्या, खजिन्याच्या नाण्यांची उशी केली, राक्षसाला दाराबाहेर चपला सांभाळायला उभा केला, आणि आम्ही तिथे संसार थाटला. आणि पुस्तकात पान एकतीसवर नियम, की आठ फेऱ्यांत दुसऱ्या खोलीत न गेल्यास मशाल विझते आणि खेळाडू हरतात. मोठ्याने वाचलं मी ते. वाचायला नको होतं. "हरलो? असू दे बाबा," पोरगी सोंगटीला पांघरूण घालत म्हणाली, "तुझं असंच असतं."

मंगळवारी ती पेटी परत, आणि यावेळी निमूटपणे लहान मुलांचा आणला. चार वर्षांच्या पुढे. एका सशाची टोपी हरवते, ती शोधायची. हेच साहस. म्हटलं, हे तरी जमेल. जमलं! चार मिनिटांत जमलं! टोपी सापडली, मी उठून हात वर केले, "जिंकलोऽऽ!" पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे बाळांचं आहे." आणि स्वतःच्या हाताने पेटी बंद करून वर बारीक आवाजात, "पण छान खेळलास हं." अहो, यापेक्षा हरलेलं बरं! मी केलेली कवळी बसवल्यावर डॉक्टर पेशंटला असंच म्हणतात, छान चावलंत हं!

बुधवारी पुन्हा दुकानात. चष्मेवाली मला बघून आतच जायला लागली. म्हटलं, थांबा, या वेळी तुम्ही द्याल तो. तिने दिला. 'पाच वर्षांच्या पुढे. एकमेकांना साथ देत खेळण्याचा.' बर्फाचा डोंगर, माथ्यावर एक अजस्र दैत्य झोपलाय, त्याने पळवलेली गावाची घंटा हळूच सोडवून आणायची. मागून बर्फाचा कडा कोसळत येतोय, तो प्रत्येक फेरीला दोन घरं पुढे. सगळे मिळून चढतात. आणि पेटीवर ठळक छापलेलं, 'सगळे मिळून जिंकतात, किंवा सगळे मिळून हरतात.' हे वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, देवा, हाच तो.

मांडला. सोपे नियम, चार पानांचं पुस्तक, चव्वेचाळीस पानं पचवलेला माणूस मी, एक पान वाचलं आणि बाकीची बाजूला टाकली. फासा उचलला. पोरीने माझा हात धरला. "बाबा, हा नाही. हा माझा." म्हटलं, मग माझा? तर ती उठली, कपाटापाशी गेली, सापशिडीच्या डब्यात हात घातला आणि... आणि तो गुलाबी फासा आणून माझ्या तळहातावर ठेवला. "हा तुझा ना? तू केलास ना?"

काय सांगू तिला? की बाळे, हा खोटा आहे? की गेली दोन वर्षं... नाही सांगता आलं. टाकला. एक. कडा दोन घरं पुढे. पुन्हा टाकला. एक. जोरात हलवून टाकला, उंचावरून टाकला, फुंकर मारून टाकला. एक! एक! एक! अहो, मी केलेलं काम आहे ते, बिघडणार कसं! पोरगी बिचारी चार-पाच घरं चढायची, आणि मागे वळून माझ्यासाठी थांबायची. एकमेकांना साथ देत खेळायचा ना! तिला एक भलतंच काहीतरी पडलं तेव्हा मी फोन घ्यायला उठलो होतो, डॉक्टर ओरडत होते, "अहो त्या पुढाऱ्याचे वरचे दात कुठायत, उद्या त्यांचं भाषण आहे!" परत येईपर्यंत बर्फ माझ्या सोंगटीपर्यंत आलेला. आणि ती निघून नाही गेली हो! माझ्या सोंगटीशेजारी स्वतःची सोंगटी आणून ठेवली तिने, आणि दोघंही बर्फाखाली. "असू दे बाबा. तुझं असंच असतं."

आजवर मी एकटा हरत होतो, ते चालत होतं. आता माझ्यामुळे ती हरली! रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी शहाण्या माणसाने काय केलं असतं? फासा नाल्यात फेकला असता. मी काय केलं? दुसरा बनवला! पुढाऱ्याचे वरचे दात तसेच ठेवले आणि दुसरा बनवला. हुबेहूब तसाच, तसाच गुलाबी, फक्त या वेळी वजन एकच्या बाजूला. म्हणजे वर सहा! डॉक्टर आत आले, म्हणाले, "हे काय?" म्हटलं, दाढ आहे. म्हणाले, "चौकोनी?" म्हटलं, पेशंटचा जबडाच तसा आहे. गेले. मोठ्या माणसांना फार खोलात जायला वेळ नसतो.

संध्याकाळी छाती पुढे काढून बसलो. पोरगी म्हणाली, "टाक बाबा." सहा! मी दणादणा घरं मोजायला लागलो, एक, दोन, तीन... "बाबा, थांब." काय झालं? "सहा म्हणजे डोळा." कसला डोळा? तिने पेटीतला फासा माझ्यासमोर धरला. त्याच्यावर सहा ठिपके नव्हतेच! एक ते पाच, आणि सहाव्या बाजूला एक डोळा! "डोळा आला की चढायचं नाही. दैत्याचा एक डोळा उघडतो. काल मला आला होता, तेव्हा आईने वाचून दाखवलं. तू फोनवर होतास." आणि डोळे किती झाले की संपलं? "तीन. त्याला तीनच आहेत." मी घाबरत घाबरत टाकला. सहा. दोन बोटांत धरून, अलगद, पिसासारखा सोडला. सहा. तिन्ही डोळे टक्क उघडे. एक घरसुद्धा पुढे गेलो नव्हतो हो! पोरीने हात पुढे केला, माझ्या डोक्याकडे, तो फिरवणार आणि म्हणणार...

"नाही!" मी ओरडलो. "माझं असं नसतं! माझं अजिबात असं नसतं!" आणि सगळं सांगून टाकलं. भडाभडा. जुना फासा काढला, नवा काढला, दोन्ही समोर ठेवले. हा एक पाडतो, हा सहा पाडतो, मी केलेत, तू रडत होतीस म्हणून केले, मी मुद्दाम हरत होतो गं, सगळं मुद्दाम!

बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हळूच म्हणाली, "अरे, काय बोललास तू हे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय बोललो ते. पोरीने जुना फासा टाकून बघितला. एक. पुन्हा. एक. बराच वेळ टाकत बसली. मग वर बघितलं. "म्हणजे मी कधीच नव्हते जिंकले?"

तुम्हाला सांगतो, तीन डोक्यांचा राक्षस परवडला. पावणेदोन वर्षांचं तिचं सगळं जिंकणं मी एका मिनिटात काढून घेतलं. ती ओरडली नाही, टाहो नाही, काही नाही. दोन्ही फासे खिशात घातले, आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवलीच नाही. बायकोने त्या दिवशी एकही सुई टोचली नाही, यावरून ओळखा काय अवस्था होती. तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "भाऊजी! शनिवारचं टेन्शन घेऊ नका, आपण सगळे राक्षस झोपवून येतो!" म्हटलं, ये बाबा. तूच ये. मी नाही लायक.

शुक्रवार सकाळ. मी दाढी करतोय. आरशात माझ्या मागे ती, शाळेच्या कपड्यांत, काखेत सापशिडी. "बस," म्हणाली. बसलो, अर्ध्या गालाला साबण. तिने पांढरा फासा समोर ठेवला. "आता खरं खेळ. एकच फासा. दोघांना." मी म्हटलं, खरं म्हणजे... "खरं. तू हरलास तरी खरं, मी रडले तरी खरं." मी शपथ घेतली. आणि खेळलो. मनापासून खेळलो हो! आतून एक मन म्हणत होतं, जिंक, एकदा जिंक, तिला दिसू दे बाप काय आहे. दुसरं म्हणत होतं, अरे पण आज जिंकलास तर तिचं उरलंसुरलंही जाईल. मी आपला फासा टाकत होतो.

हरलो! अठ्ठ्याण्णवला साप! ती माझ्या डोळ्यांत रोखून बघतेय, "मुद्दाम?" नाही गं, शपथ! "परत." परत हरलो. तिने फासा उजेडात धरून तपासला, स्वतः दहा वेळा टाकला, माझ्या बाह्या वर करायला लावल्या. "परत." तिसऱ्यांदा तर ती शंभरला पोहोचली तेव्हा मी सव्वीसवर होतो. सव्वीसवर! साबण वाळून गाल ताठ झालेला. आणि तिचा चेहरा... काय सांगू तुम्हाला, तो चेहरा असा उजळत गेला! "म्हणजे मी खरंच जिंकते!" ती उठून नाचायला लागली. "आई! मी खरंच जिंकते! बाबा खरंच हरतो!"

म्हणजे, तो फासा करायची गरजच नव्हती! दोन वर्षं मी जे एवढी कारागिरी करून साधलं, ते मला उपजतच येत होतं! आणि त्याच दुपारी तिने स्वतः बाईंकडे जाऊन मामाचं नाव खोडलं, आणि तिथे माझं घातलं. का, ते विचारलं मी. तर म्हणाली, "तू हरलास तरी रडत नाहीस, मी सकाळी बघितलं."

तर असा मी शनिवारी हॉलमध्ये. एवढ्याशा खुर्चीवर, गुडघे कानाला. आम्हाला तोच डोंगर आला, पेटीतला सरळ फासा, दोघांनी मिळून चढलो, आणि माथ्यापासून तीन घरं राहिली असताना बर्फाखाली गेलो. दोघंही. ती खळखळून हसली. मला वाटलं, चला, झालं, संपलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर टाहो! खजिन्याच्या शर्यतीत एका मुलाला त्याच्या आजोबांनी हरवलं होतं. आजोबा आपले ताठ बसून, "खेळ म्हणजे खेळ! उगाच लाड नाहीत!" पोरगं हुंदके देतंय. आमची उठली, त्याच्यापाशी गेली, त्याला हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवलं. "रडू नकोस. माझ्या बाबाशी खेळ. तो छान हरतो."

हरलो. त्याच खजिन्याच्या शर्यतीत! पोरगं हसायला लागलं. ते बघून दुसरं आलं. मग तिसरं. मग रांग लागली हो! आणि आमची रांगेशी उभी, एकेकाला मागे सारतेय, "ढकलू नका, सगळ्यांना मिळेल. हा माझा बाबा आहे." हा माझा बाबा आहे! इतक्या ऐटीत तिने मला आजवर कोणाला दाखवलं नव्हतं. अकरा मुलं! अकराच्या अकरा हसत घरी गेली, ते हट्टी आजोबासुद्धा एक डाव खेळून, मला हरवून, मिशीत हसत गेले. शेवटी बाई आल्या, त्याच आवाजात, डोळ्यांत पाणी, "लहान मुलांसमोर इतकं मन लावून हरायला केवढं मोठं काळीज लागतं हो! दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी याल का?" पोरीने माझ्याआधी हो म्हणून टाकलं.

मीही मान हलवली. काय सांगणार त्या माऊलीला? की शेवटच्या चार डावांत मी जीव तोडून जिंकायला खेळत होतो?